नवरदेवाने शिवेवर इंजिन उघडलं

डिझेल इंजिनाचं दुखणं नुसत्या कानाने ओळखणारा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात एकच होता, आणि तो मी. हे मी स्वतःच सांगत असे, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. माझं लग्नसुद्धा या कानावरच ठरलं. ब्राह्मणपुरीच्या शांतीलालबाबांनी बासष्ट साली मळ्यात दोन डिझेल इंजिनं बसवली होती आणि ती नव्या सुनांसारखी ऊठसूट रुसायची. मुलगा बघायला आले तेव्हा त्यांनी माझी शेती विचारली नाही की शिक्षण विचारलं नाही.

"तुले इंजिन दुरुस्त करता येस का?"

"आवाज ऐका का बस, बाबा," मी म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे आपली जसोदा मला देऊन टाकली.

लग्नाच्या दिवशी आम्हाला शहाद्याची एक जुनी, लांबलचक मोटार मिळाली. पेट्रोल परवडेना म्हणून मालकाने तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं होतं. ब्राह्मणपुरीच्या शिवेवर पोचलो, तर समोर शांतीलालबाबा पांढऱ्याशुभ्र फेट्यात, मागे त्यांचा बँड. आणि नेमकी तिथेच मोटार खोकायला लागली. चारांतला एक सिलिंडर गप्प झाला होता.

ड्रायव्हर उदेसिंग म्हणाला, "काही व्हत नही. मांडव आठूनच दिखस. तीन सिलिंडरवर पोची जासूत."

शहाण्या माणसाने ऐकलं असतं. पण सासरे बघत होते ना!

मी उतरलो. डोक्याला बाशिंग, अंगाला हळद, हातात कट्यार. मागून माझे उखामामा धावत आले. "कट्यार हातमाईन सोडानी नही, मगन. अपशकुन व्हई." म्हणजे सगळं काम एका हाताने.

आता गंमत अशी, की प्रत्येक सिलिंडरात डिझेलचा फवारा मारायला एक इंजेक्टर असतो. इंजिन चालू ठेवून त्याच्या नळीचा नट जरा सैल करायचा, ऐकायचं आणि परत आवळायचा. इंजिनाचा आवाज पडला तर तो इंजेक्टर चांगला. काहीच फरक पडला नाही तर तोच बिघडलेला. अगदी सोपं आहे. फक्त ऐकू यायला पाहिजे.

"मामा, बँड थांबाडा."

"नवरदेव शिववर उभा आन् वाजा बंद? गाव काय म्हनी?" असं म्हणून मामांनी बँडवाल्यांना आणखी जवळ बोलावलं.

पहिला नट सैल केला, ढोल ऐकू आला. दुसरा केला, ढोल. तिसऱ्याला ढोल आणि चौथ्याला ढोलाबरोबर पिपाणी. फरक कशानेच पडला नाही. माझ्या शास्त्राप्रमाणे चारही इंजेक्टर मेलेले होते आणि इंजिन देवाच्या भरवशावर चालू होतं. तेवढ्यात शांतीलालबाबा कौतुकाने जवळ आले.

"सापडना का?"

"दुसरा," मी म्हणालो. दुसराच का, ते मला आजही माहीत नाही.

इंजिन बंद करून मी दुसरा इंजेक्टर उपसला आणि त्याच्याच नळीला बाहेरच्या बाजूला तोंड करून जोडला. बिघडलेला इंजेक्टर थेंबथेंब गळतो. तो गळताना सासऱ्यांना दाखवायचा, एवढाच माझा बेत होता. उदेसिंगने सेल्फ मारला.

असा तलम फवारा उडाला की काय सांगू! बाबा बरोबर समोर. वरपक्षाने गुलाबपाणी शिंपडायची नवी तऱ्हा काढली असं वाटून त्यांनी डोळे मिटले, मान पुढे केली, मिशांवरून हात फिरवला, आणि शेजारच्या भावालाही दंड धरून पुढे ओढलं. मग वास आला. इतका वेळ न थांबलेला बँड तेव्हा थांबला.

"बाबा," मी म्हणालो, "हाऊ इंजेक्टर ते एकदम चांगला शे."

"मंग तू काढा कसाले?"

मी मोटारीतल्या माझ्या पान्ह्यांच्या पेटीतला नवा इंजेक्टर त्याच जागी बसवून टाकला. पण एका हाताने नट नीट आवळले गेले नव्हते. नळ्यांमध्ये हवा शिरली होती, आणि हवा शिरली की डिझेल पुढे जात नाही. तीन सिलिंडरवर चालणारी मोटार आता एकावरही चालेना.

शेवटी बाबांच्याच बैलजोडीने आम्हाला मांडवापर्यंत ओढलं. दिवस बुडायला आला होता आणि मुहूर्त गोरजाचा. घाईघाईने मला पाटावर उभं केलं, अंतरपाट धरला. पलीकडे जसोदा खाली मान घालून उभी. भटजींनी घसा साफ केला, तोच बाबांनी हात वर केला. फेट्यावर अजून डिझेलचे डाग होते.

"थांबा महाराज. मन्ही एक अट शे."

लग्न मोडलं असंच वाटलं, आणि खरं सांगतो, जसोदा मला फार आवडली होती.

"पोर देस," बाबा म्हणाले. "पन मन्हा इंजिनले तू हात लावाना नही. आन् ती पान्हासनी पेटी आठेच ठेव."

भर मांडवात मुलीच्या बापाने नवरदेवाकडून काही मागून घेतल्याचं दुसरं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. मामांनी मोटारीतून पेटी आणली, मी ती बाबांच्या पायाशी ठेवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. भटजींनी पुन्हा तोंड उघडलं, इतक्यात अंतरपाटापलीकडून बारीक आवाज आला.

"बाबा, त्यासना कंबरले पक्कड खोसेल शे. तीबी ली ल्या."

मी पक्कडही दिली.