मिरचीतली बाउंडरी

अर्ज लिहावा तर मी. वीजखात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढून ते परत पाठवण्याचंच काम केलं मी. त्यामुळे शेजारच्या मळ्यात क्रिकेट खेळणारे चेंडू काढायला रोज आमच्या मिरचीत शिरू लागले, तेव्हा मी भांडलो नाही. पंचायतीला एक ओळ लिहिली: 'क्रिकेटनिमित्त माझ्या शेतात बाउंडरी आखून मिळावी.'

शेताच्या बांधाला आमच्याकडे म्हणतात तसं 'मेर' लिहिणार होतो, पण सरकारी कागदावर तो शब्द अडाणी वाटला.

शनिवारी म्हापशाहून परतलो तर आमचं मोडकं कुंपण उपटून बाजूला रचलेलं. चुन्याची पांढरी रेघ थेट काजूच्या झाडापर्यंत गेलेली. आतली सगळी मिरची आडवी. ती श्रद्धाने, माझ्या बायकोने, स्वतः लावली होती.

"तू नुसती बघत बसलीस?"

"पंचायतीच्या माणसांनी तुमचा अर्ज दाखवला. अक्षर तुमचंच. मी काय बोलणार?"

रागाने माझे कान असे तापले की त्यांवर भाकरी भाजली असती. तसाच पंचायतीतल्या पंच गोकुळदासच्या घरी गेलो. तो पाव-भाजी खात होता.

"गोकुळदास, याला काही हद्द आहे की नाही?"

"वाढवली ना हद्द, बाब. उद्यापासून टुर्नामेंट. मैदान लहान पडत होतं, आणि तुम्ही आपण होऊन जागा दिलीत."

"जागा कुणी दिली? बाउंडरी म्हणजे मेर!"

"मग मेर लिहायचं."

हे ऐकून माझा राग दुप्पट झाला.

"उद्या माइकवरून सगळ्यांची लाज काढतो," मी म्हणालो.

"या. तुमचा सत्कारच आहे."

रविवारी शब्द घासूनपुसून गेलो. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. "मैदानासाठी शेत देणारे आमचे अनंतबाब!" चारशे माणसं टाळ्या वाजवू लागली. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी चुटकीसुद्धा वाजवली नव्हती. माइक हातात घेतला आणि तोंडातून निघालं, "मिरची काय, पुढच्या वर्षीही लावता येते. खेळाडूंना पाणी लागलं तर माझी विहीर आहे."

समोर बसलेली श्रद्धा उठून चालू लागली.

सामने पंधरा दिवस चालले. खेळाडूंसाठी रोज राहाट मीच ओढला, आणि घरी माझं जेवणही मीच रांधलं. श्रद्धा पेडण्याला माहेरी होती.