चौदा बटणांची मुख्य किल्ली

एका जंगलात वाघ एकच होता, पण वेबसाइटी अकरा होत्या. आणि त्या अकराही एका सायाळीच्या जिवावर चालत होत्या.

सायाळ म्हणजे साळिंदर, बाळांनो. तिच्या अंगावर काटे असतात. राग आला की ते उभे राहतात. या सायाळीचे काटे बहुतेक उभेच असायचे, कारण तिच्या आजूबाजूला वडीलधारी मंडळी फार होती.

तिनं तिसरीतूनच शाळा सोडली होती. शाळा घुबड गुरुजींची. शाळा दिवसा भरायची आणि गुरुजींना दिवसा दिसायचं नाही. कुणाची काही तक्रार नव्हती. तिसरीला 'सर्व्हर म्हणजे काय' असा धडा होता. गुरुजी व्याख्या सांगायचे आणि पोरं ती पन्नास वेळा लिहून काढायची. एकदा सायाळीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही सर्व्हर पाहिलाय का?" गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभं राहिल्यावर तिला समोरचा डोंगर दिसला. मग ती काही परत आत गेली नाही.

हा डोंगर म्हणजेच एक भलामोठा सर्व्हर होता. अख्खा डोंगर कुणालाच परवडत नसे, म्हणून मालकानं त्याच्या गुहा पाडून भाड्यानं लावल्या होत्या. अट एकच. गुहा तुमची आणि आतल्या भानगडीही तुमच्या. कोळी शिरले, दार अडकलं, छप्पर गळलं, तरी मालकाला हाका मारायच्या नाहीत.

सायाळीनं एक गुहा घेतली. आत अकरा कप्पे केले. एका कप्प्यात एक वेबसाइट. दाराशी एक सरडा बसवला. जंगलात ज्याच्या त्याच्या हातात पाटी असे. पाटीवर वेबसाइटचं नाव लिहिलं की सरड्याला कळायचं, आणि तो मान हलवून बरोबर त्या कप्प्याचं दार उघडायचा. सायाळ रोज कोण आलं कोण गेलं याच्या नोंदी चाळायची, जुनी कुलपं बदलायची, आणि दर आठवड्याला सगळ्याची एक नक्कल काढून पलीकडच्या डोंगरात नेऊन ठेवायची. एवढं सगळं ती करते हे कुणाला माहीत नव्हतं. कारण काही बिघडतच नव्हतं.

आता या अकरा वेबसाइटींत काय होतं ते ऐका.

गवाआप्पांच्या वेबसाइटवर त्यांच्या अमृतमहोत्सवाचे चार हजार फोटो होते. सगळ्यांत आप्पांच्या गळ्यात हार. निम्म्या फोटोंत हार अर्धा खाल्लेला. तरसमामांची 'अखिल जंगल हाडे वाटप समिती' होती. तिथं एकच सूचना होती: 'हाडे संपली आहेत.' घुबड गुरुजी रोज एक सुविचार टाकायचे. आणखी सात वेबसाइटी अशाच होत्या. त्यांचं वर्णन मी करत नाही, तुमचं वय वाढण्याचं आहे.

अकरावी वेबसाइट टिटवीची. तिच्यात एकच पान. फोटो नाही, रंग नाही. टिटवी पहाटे जंगलावरून एक फेरी मारायची आणि शिकाऱ्यांनी फासे कुठं लावलेत ते लिहायची. 'नाल्यापाशी दोण. जांभळीखाली येक. तीकडं जाऊ नका.' ससे, भेकरं, लाव्हे ते पान वाचूनच घराबाहेर पडायचे. बाकीच्या दहा वेबसाइटी बंद पडल्या असत्या तर आठवडाभर त्यांच्या मालकांनाही कळलं नसतं. टिटवीचं पान बंद पडलं असतं तर दुपारपर्यंत कुणीतरी कमी झालं असतं.

आणि एके सकाळी ते पडलं.

आदल्या दिवशी आप्पांनी आपल्या नातवाच्या बारशाचे दोन हजार फोटो चढवले होते. बाळाचे सहा, बाकी आप्पांचे. गुहा काठोकाठ भरली. कप्पे वेगवेगळे असले तरी गुहा एकच ना! सगळी दारं अडकली. सायाळीनं धावत जाऊन फोटो बारीक केले, आप्पांच्या कप्प्याभोवती चांगली जाड भिंत घातली आणि तासाभरात सगळं सुरू केलं. तोवर एक ससा नाल्यावर जाऊन आला होता. ससा आला, शेपूट नाही आलं.

त्या दुपारी आप्पा तरातरा आले. मागं तरसमामा, आणि त्यांचं शेपूट धरून घुबड गुरुजी.

"माझे फोटो कुणी बारके केले?" आप्पा गरजले.

"मी," सायाळ म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"गुहा तुंबली होती, आप्पा. तुमच्या हारांपायी सशाचं शेपूट गेलं."

"सशाला शेपूट असतं?" तरसमामांनी विचारलं, आणि हसले. तरस कशालाही हसतो.

"आता नाहीये."

"उलट बोलते!" गुरुजी चुकीच्या दिशेला बघत म्हणाले. "हिला मी ओळखतो. तिसरी नापास."

"नापास नाही, गुरुजी. निघून गेले. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं."

आप्पांनी खूर आपटला. "मला एवढंच सांग पोरी, या गुहेची मुख्य किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

तिघेही मटकन खाली बसले. जंगलात इतके म्हातारे असताना किल्ली एका पोरीकडं!

सायाळीनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तीही तेव्हा लहान होती, तिला वाटायचं समजावलं की समजतं. "अहो, ती किल्ली सगळे कप्पे उघडते. तिच्यापुढं गुहा काहीही विचारत नाही. चुकून 'सगळं पुसून टाक' म्हटलं, तर 'नक्की का?' असंसुद्धा विचारत नाही. पुसून मोकळी होते."

"काहीच विचारत नाही?" आप्पांचे डोळे पाणावले. "घरात माझं असं कुणी ऐकत नाही गं."

"म्हणजे ही मानाची किल्ली आहे," तरसमामा म्हणाले.

"आणि मान वयाला असतो," आप्पा म्हणाले.

"वयाला नाही, समितीवरच्या वर्षांना," मामा म्हणाले.

"दोघांनाही मीच शिकवलंय," गुरुजी म्हणाले.

सायाळीनं किल्ली दिली नाही. मग तिघे रुसले. आप्पा पाण्याच्या वाटेवर पाठ फिरवून आडवे बसले, त्यामुळं कुणालाच पाण्यावर जाता येईना. तरसमामांनी हसणं बंद केलं, त्यामुळं सगळे घाबरले. गुरुजींनी सुविचार बंद केला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी अर्धं जंगल सायाळीच्या दारात. "देऊन टाक ना बाई. मोठे आहेत ते."

"मोठे आहेत म्हणून तर देत नाहीये," सायाळ म्हणाली.

गर्दी पांगल्यावर टिटवी मागं राहिली. "किल्ली दिलीस तर पहिल्यांदा माझं पान जाईल. गुरुजी म्हणतात, माझ्या लिहिण्यानं भाषेला धोका आहे."

"आणि सशांना?"

"सशांबद्दल काही बोलले नाहीत."

सायाळीचे काटे ताठ झाले, मग हळूच खाली आले. "जा तू. तुझं पान कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना तीन सोनेरी पाट्या दिल्या. प्रत्येक पाटीवर चौदा बटणं.

"ही किल्ली?" आप्पांनी विचारलं. "चपटी कशी?"

"नवीन पद्धत आहे."

समारंभ झाला. नारळ फुटला, शाली झाल्या. आप्पांचा हार भाषणं संपायच्या आत संपला.

बटणं मोठी देखणी होती. 'कडक कारवाई करा.' 'समिती नेमा.' 'समिती बरखास्त करा.' 'सर्व सुरळीत करा.' शेवटची दोन सगळ्यांत वजनदार: 'बंद करा' आणि 'काढून टाका'. त्यांच्यापुढं रिकामी जागा, तिथं हवं ते नाव भरायचं. कुठलंही बटण दाबलं की तुतारी वाजायची आणि पाटीवर अक्षरं उमटायची: 'आदेश अमलात आला. जंगल आपलं ऋणी आहे.'

बाळांनो, ती बटणं कशालाही जोडलेली नव्हती. गुहेपर्यंत त्यांचा आवाजसुद्धा जात नव्हता.

जंगलात सुख नांदू लागलं. आप्पा सकाळी 'सर्व सुरळीत करा' दाबायचे आणि दिवसभर सगळं सुरळीत चालायचं. एकदा पाऊस थांबेना. आप्पांनी 'बंद करा'पुढं 'पाऊस' लिहिलं. चार दिवसांनी थांबला. "थोडा वेळ लागतो," आप्पा म्हणाले, "पण काम होतं."

एकदा आप्पांनी चिडून मामांची वेबसाइट बंद केली आणि त्याच दिवशी मामांनी आप्पांची. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या वेबसाइटी बघितल्या. सुरूच! "माझ्यापुढं त्याचा आदेश टिकला नाही," असं दोघांनी दोघांच्याही मित्रांना सांगितलं.

पण एक दिवस गुरुजींनी बैठक बोलावली आणि टिटवीचं पान वाचून दाखवायला लावलं. "दोण! येक! तीकडं!" गुरुजी थरथरू लागले. "ही पिढी फाशात सापडली तरी चालेल, पण अशुद्ध लिहिता कामा नये." तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. तिघांनी मिळून 'बंद करा' दाबलं. तीन तुताऱ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी ससे नेहमीसारखे पान वाचून बाहेर पडले.

आप्पांनी टिटवीला सर्वांसमोर उभं केलं. "आम्ही बंद केलेलं पान तू चालू ठेवलंस कसं? मुख्य किल्लीपेक्षा मोठी झालीस?"

"मी काही नाही केलं, आप्पा. रोजच्यासारखं लिहिलं."

"हिची चोच बांधा," तरसमामा म्हणाले. वेल आणायला दोन माकडं पळालीसुद्धा. माकडांना नेहमी कुठंतरी पळायचंच असतं.

सायाळ मागं उभी होती. तिचे काटे असे उभे राहिले की शेजारचं भेकरू ओरडलं.

"सोडा तिला! तुमच्या किल्ल्याच खोट्या आहेत! एकही बटण कशाला जोडलेलं नाही. मी केल्यात त्या. नुसत्या तुताऱ्या आहेत. खरी किल्ली माझ्याकडंच आहे!"

शब्द तोंडातून गेल्यावर तिला चूक कळली. आता हे खरी किल्ली मागणार. अर्धं जंगल 'दे ना बाई' म्हणणार. संध्याकाळपर्यंत पान जाणार, आणि उद्या नुसतं शेपूट जाऊन भागणार नाही.

मग तरसमामा हसले. त्यांच्यामागून आप्पा. मग सगळी ज्येष्ठ मंडळी पोट धरून हसली.

"खोटी म्हणे!" आप्पा डोळे पुसत म्हणाले. "अगं, मी या पाटीवर पाऊस थांबवलाय."

"वरिष्ठांचं कर्तृत्व बघवत नाही आजकालच्या पोरांना," गुरुजी झाडाच्या बुंध्याला उद्देशून म्हणाले.

"पण आप्पा, पान चालू आहे ना!" सायाळ किंचाळली. "बघा की! समोर आहे!"

आता मात्र आप्पा अडले. पान चालू म्हणावं तर बटण चालत नाही असं होतं. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडायचं ठरवलं.

"आदेश अमलात आला, असं पाटीवर उमटलंय," गुरुजी म्हणाले. "अर्थात पान बंद आहे. मला तर कुठं दिसत नाही. ज्यांना दिसतंय त्यांनी डोळे तपासून घ्यावेत."

"बरोबर!" आप्पांचा जीव भांड्यात पडला. "मग नसलेल्या पानासाठी टिटवीला शिक्षा कशाची द्यायची? सोडा तिला. आणि या उद्धट पोरीला आत्ताच्या आत्ता कामावरून कमी करा."

"कसं करायचं?" मामांनी विचारलं.

"कसं म्हणजे? किल्लीनं!"

आप्पांनी 'काढून टाका'पुढं 'सायाळ' असं लिहिलं आणि बटण दाबलं. तुतारी वाजली. जंगल ऋणी झालं. टाळ्या पडल्या.

सायाळ डोंगरावर गेली. सरड्यानं तिला बघून मान हलवली आणि दार उघडलं, कारण त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. तिनं नोंदी चाळल्या, एक जुनं कुलूप बदललं आणि नक्कल काढायला घेतली. त्या दिवसापासून तिला विचारायला कुणी आलं नाही. कामावर नसलेल्या मुलीला काय विचारणार?

टिटवी बंद पानावर रोज लिहीत राहिली. ससे डोळ्यांत दोष घेऊन वाचत राहिले आणि जिवंत राहिले.

आणि रोज सकाळी पाण्यावर निघण्यापूर्वी गवाआप्पा झुडपाआड जाऊन ते पान उघडायचे. वरपासून खालपर्यंत, खूर ठेवून, दोनदा वाचायचे. ते बंदच आहे ना, याची खात्री करायला.

तात्पर्य: बाळांनो, वडीलधाऱ्यांना कधी 'नाही' म्हणू नये, त्यांना बटण द्यावं. आणि नेहमी खरं बोलावं. कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळं काही बिघडत नाही.