सव्वीस मिनिटांचा वारा

किरण भौतिकशास्त्रात विद्यापीठात दुसरा आला होता. सकाळी वडील गेले तरी त्याची बेरीज चुकणार नव्हती!

धुळ्याच्या घरी लोटनआबांना अंगणात ठेवलं होतं. हैदराबादची बहीण नूतन आल्याशिवाय बापाला उचलायचं नाही, आणि दिवस मावळल्यावर अग्नी द्यायचा नाही, असं थोरल्या काकांनी, पितांबरनानांनी, ठरवलं होतं.

"जळगावला तिचं विमान तीन पाचला उतरतं," चुलतभाऊ मगन म्हणाला.

"वेळापत्रकात वारा धरत नाहीत, मगन!" किरणनं कागद पुढे केला. "सरळ रेषेत पाचशे आठ किलोमीटर. समोरून पश्चिमेचा वारा. सव्वीस मिनिटं उशीर, म्हणजे तीन एकतीस! पुढे गाडीनं दोन तास. सूर्यास्त पाच चोपन्न. तेवीस मिनिटं हातात!"

"मगनले धाड ना," नाना म्हणाले. "मडकं धरणारा पोरगा तू शे!"

"मगन चहाला थांबेल, नाना. मी मिनिटाला मिनिट येतो."

लवकर जाऊन ताटकळणं म्हणजे अडाणीपणा, म्हणून त्यानं गाडी बेतानं हाकली. बरोबर तीन एकतीसला तो विमानतळाच्या दारात हजर! दारात चिटपाखरू नाही. सामान यायला दहा मिनिटं धरली. मग पहारेकऱ्याला विचारलं.

"हैदराबादचं? ते येऊन परतही गेलं की, साहेब!"

किरणचं तोंड पंक्चर झालेल्या ट्यूबसारखं झालं. वारा खरा होता. पण तो मोठ्या विमानांच्या उंचीवरचा होता. हे पंख्याचं छोटं विमान त्याच्या निम्म्या उंचीवरूनच उडत आलं होतं.

घरात मयत म्हणून फोनचा आवाज बंद. त्यावर नूतनचे चौदा कॉल!

"दादा, मी टॅक्सीनं निघाले. तू कुठं आहेस?"

"तुझ्या मागे."

एरंडोलजवळ कापसाचा ट्रॅक्टर उलटला होता. रस्त्यावर पांढरे ढग, आणि ढगांमागे गाड्यांची मैलभर रांग. नूतनची टॅक्सी त्याआधीच निसटली होती. पाच वीसला नानांचा फोन आला.

"नूतन यी गयी. बठ्ठा लोक उभा शेतस. तू कथा शे?"

"एरंडोल. नाना, आत्ता रस्ता सुटला, तर ताशी एकशे दहानं मी पाच चोपन्नला..."

"किरण. गणित ठेव."

फोन नूतननं घेतला.

"आबांचं तोंड पाहिलं मी. तू पाहिलंस ना सकाळी?"

किरण आठवू लागला. सकाळी तो अंगणाकडे पाठ करून वारा शोधत होता.

"मडकं मी धरते, दादा. तू सावकाश ये."

तो पांझरा नदीकाठच्या स्मशानात पोहोचला तेव्हा सात वाजत आले होते. माणसं पांगली होती. नूतन राखाडी धुराकडे बघत बसली होती, ओल्या खांद्यानं. तो शेजारी बसला.

गावाकडच्या एका म्हाताऱ्यानं जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"विमानले उशीर व्हयना का रे, भाऊ?"

"नाही, आजोबा," किरण म्हणाला. "विमान वेळेवर होतं."