कुणालाच नाही न म्हणणारी लायब्ररी

"माझी लायब्ररी आजवर कुणालाच नाही म्हणाली नाही," युवराज छाती फुगवून बायकोला सांगत होता. मलकपेठेतल्या दोन खोल्यांत त्रिवेणी भावाच्या लग्नाची बॅग भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि तुम्ही कधी म्हणलात?"

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे बरं का. नवं शतक नुकतंच लागलेलं, हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले. त्या धामधुमीत युवराजनं नोकरी सांभाळून एक प्रोग्रॅम लिहिला; दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायच्या असल्या तयार तुकड्याला त्या धंद्यात लायब्ररीच म्हणतात. वेबसाइटवर कोण आलं, त्यानं काय टाइप केलं, सगळं टिपून ठेवणारा. फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहिणारा वॉचमनच म्हणा ना. आणि हा वॉचमन पठ्ठ्यानं जगाला फुकट देऊन टाकला. जर्मनीपासून ब्राझीलपर्यंत लोकांनी तो आपापल्या दारात बसवला.

आता युवराजचा स्वभाव. ज्या शहरात भाजीवालासुद्धा बिनदिक्कत 'नक्को' म्हणतो, तिथं लहानाचा मोठा होऊन ह्या बाबाला तो एक शब्द काही जमला नाही. शेजाऱ्याचा गॅस आणायचाय? हौ. साहेबाच्या मेव्हण्याचा कॉम्प्युटर बघायचाय? हौ. त्यामुळे जर्मनीच्या एका गृहस्थानं ई-मेलवर गळ घातली, की टिपलेल्या ओळीत एखादा हुकूम दिसला तर लायब्ररीनं तो पाळावासुद्धा, तेव्हा व्हायचं तेच झालं. ऑफिसातला सुरेश कळवळून म्हणाला, "नक्को बोल दे ना मियाँ, लफडा होता." युवराज म्हणाला, "अरे, बिचाऱ्यानं किती वेळा प्लीज लिहिलंय."

आणि घातली की सोय.

इकडं त्रिवेणीचं मागणं एवढंच होतं. "उमाजीच्या लग्नात थोरला जावई म्हणून तुम्ही मांडवात दिसले पाहिजेत. गेल्या वेळेसारखं करू नका." ह्यालाही त्यानं हौ म्हटलं होतं, आणि अगदी मनापासून.

नामपल्ली स्टेशनावरून त्रिवेणीच्या माहेरची, उदगीरची गाडी होती. रिक्षा दारात आली, त्रिवेणी गजरा माळून उभी, आणि युवराज म्हणाला, "एवढं मेल बघून घेतो."

बघितलं आणि दारातली रिक्षा विसरलाच. कुणा उपद्व्यापी माणसानं एका दुकानाच्या वेबसाइटवर आपल्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'सगळं पुसून टाक'. लायब्ररीनं ते इमानेइतबारे टिपलं आणि मग खरोखरच सगळं पुसून टाकलं. आता जगभरातून बोंब उठली होती. एकजण म्हणे, ही सोय आजच्या आज काढा. जर्मन गृहस्थ म्हणे, कृपा करून काढू नका, माझं सगळं काम तिच्यावर चालतं. तिसरा म्हणे, अर्धी काढा. युवराजनं तिघांनाही कळवलं, 'हो, लगेच करतो.'

"तू हो पुढं," तो बायकोला म्हणाला, "मी रात्रीच्या गाडीनं आलोच."

बॅग तिनंच उचलली.

रात्रीची गाडी गेली, सकाळचीही गेली. युवराज एकासाठी सोय काढी, दुसऱ्यासाठी परत घाली. घातली की पहिला शिव्या देई, काढली की दुसरा रडे. इंटरनेट घरच्या फोनच्याच तारेवरून चालायचं, म्हणून उदगीरहून कितीही फोन लावला तरी एंगेज. शेवटी तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले तेव्हा त्यानं हुकूम पाळायची सोय कायमची उपटून टाकली, आणि जर्मन गृहस्थाला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'नाही जमणार.' एवढंसं काम होतं. पहिल्या दिवशी केलं असतं, तर मांडवात असता. फार वाईट वाटलं त्याला. पण जमलं याचा थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला.

इंटरनेट बंद करताच फोन वाजला.

"झालं का तुमचं?" त्रिवेणी विचारत होती. "इथलंही झालं काल. वरबाप असूनही बापू तुमचा टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन दारात उभे होते. शेवटी माझ्याच हातात दिला त्यांनी. उमाजीनं दोनदा विचारलं, दाजी कुठंयत म्हणून. मी म्हणलं, येतायत."

"चुकलंच माझं," युवराज म्हणाला.

"असू द्या. आई म्हणतीय, अजून महिनाभर राहा. राहू का?"

नको, आजच ये, मीच घ्यायला येतो, घर खायला उठतंय, हे सगळं त्याच्या ओठांवर होतं. आत्ताच तर तो शब्द शिकला होता. पण मेली जन्माची सवय, जाते कुठं.

"हौ," तो म्हणाला, "राहा की."

"निदान मला तरी नको म्हणायचं होतं," त्रिवेणी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.