हरायले आला का बंद पडते

भोयरकाकांचा कॉम्प्युटर हरायला आला की बंद पडतो. निदान काकांचं म्हणणं तसं आहे. बुद्धिबळात त्याचा राजा कोपऱ्यात सापडला, काकांनी वजीर पुढे सरकवायला माउस धरला, की पडदा काळा. मग काका खुर्चीत मागे रेलतात आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणतात, "पाह्य, पुन्हा पळाला! हरायले आला का बंद पडते. रड्या कुठला!"

शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. रामटेककडे आमची धानाची शेती आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे असं सांगितलं, त्या दिवसापासून काकांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. "ओ इंजिनियर, खाली ये वं. बेइमान पुन्हा झोपला." खरं तर कॉलेजात आम्ही प्रोग्राम लिहितो. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण मी आयुष्यात पहिल्यांदा काकांकडेच उघडलं, मोबाइलवर व्हिडिओ बघत, स्क्रू वाटीत जपून ठेवत.

डाव मधेच सेव्ह करून ठेवा, असं मी भीतभीत सुचवलं होतं. काका दुखावले. "डाव काय लोणचं आहे का, बरणीत भरून ठेवाले?"

मग मी एकेक भाग तपासायला घेतला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. काका डोकावले. "याददाश्त घासून राहिली का? घास. मागच्या हारी आठवल्या पायजे त्याले." पंख्यातून मूठभर धूळ निघाली तेव्हा म्हणाले, "पाह्य, किती कपट भरलं होतं पोटात!" तापू नये म्हणून प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. कॉम्प्युटर तारीख विसरायचा म्हणून आतला सेल बदलला. "ज्याले तारीख याद राहत नाही, तो शब्द काय पाळंन?" एवढं करूनही दुपारी पुन्हा राजा कोपऱ्यात आणि पडदा काळा.

काकांना एकदा, फक्त एकदा, मात झालेली बघायची होती. रिटायर झाल्यापासून त्यांनी दुसरं काही मागितलेलं नाही, असं काकू सांगतात.

कॉम्प्युटरखालोखाल काकांचा राग 'बाजूवाल्या'वर. बाजूवाल्याची मांजर आली, बाजूवाल्याच्या झाडाचा पाला पडला. "छातीचं ऑपरेशन झालं, तरी पार सदरच्या बाजारात, दुकानात हिशेब लिहाले जाते. भर उन्हात सायकलनं येते. अक्कलच नाही बाजूवाल्याले."

हा बाजूवाला म्हणजे काकांचा सख्खा मोठा भाऊ, हे मला काकूंकडून कळलं. दोघं ओसरीवर रोज बुद्धिबळ खेळायचे. भाऊ हरायला आला की पट उधळून द्यायचा. एकदा उधळला, काका काहीतरी लागेल असं बोलले, आणि अंगणात भिंत उभी राहिली. "एक रड्या, एक तोंडाळ," काकू म्हणाल्या. "दोघंही बह्याड, बिनअकली."

शेवटी मी एक अख्खा डाव शेजारी बसून बघायचं ठरवलं. मे महिना होता. काकांचा कूलर असा घोंघावत होता की खोलीबाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. उकाडा वाढतो म्हणून काका दिवसा दिवा लावू देत नाहीत, पण मला आतलं दिसावं म्हणून त्या दिवशी ट्यूबलाइट लावली होती. काका जेवण करून खेळायला बसतात आणि चहा निवेपर्यंत एकेका चालीचा विचार करतात. होता होता राजा कोपऱ्यात गेला. तेवढ्यात ट्यूबलाइट क्षणभर मंदावली, आणि मग पडदा काळा झाला.

आधी दिवा, मग कॉम्प्युटर. म्हणजे गडबड विजेत होती. मी टेबलामागे शिरले. विजेच्या बोर्डातून एक काळी वायर निघून कॅलेंडरच्या मागून वर, आणि झरोक्यातून भिंतीपलीकडे, भावाच्या घरात गेली होती.

"काका, ही वायर..."

"हळू बोल वं!" काकांनी दार लोटलं. "त्याच्या घरची वायरिंग जुनी. कूलर लावला का फ्यूज उडते. मीच देली लाईन. त्याले वाटते काकूनं चोरून देली. माही म्हटली तर घेणार नाही तो, उकाड्यात मरंन."

मी समजावून सांगितलं. तुमचे भाऊ दुपारी घरी आले की कूलर लावतात. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं, आणि तेवढा धक्का तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला सोसत नाही. तुमचा डावही नेमका त्याच सुमाराला संपत आलेला असतो.

काकांनी झरोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पट अजून तोच उधळून राहिला."

वायर काढायचा विषय मी काढला नाही. मैत्रिणीकडून जुना यूपीएस आणून जोडला. आता वीज कमीजास्त झाली तरी हा डबा कॉम्प्युटरला सांभाळून घेणार होता.

त्या दुपारी काका जिंकले. राजा कोपऱ्यात, वजीर समोर, मात. पडदा जागच्या जागी. मला वाटलं, ते काकूंना हाक मारतील. ते नुसते म्हणाले, "झालं?" थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले. मग उठून एवढ्या उन्हाचा स्वतःचा कूलर बंद केला आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. पलीकडून मोटरीचा आवाज येत होता. तो ऐकून त्यांनी आपला कूलर पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचा पेपर होता, तो देऊन दुपारी आले, तर यूपीएस जिन्याच्या पायरीवर होता. पुसून, पिशवीत घालून ठेवलेला.

"काका, बिघडला का?"

"नाही वं. चांगला आहे डब्बा. ज्याचा त्याले देऊन टाक."

"पण कॉम्प्युटर पुन्हा बंद पडेल."

"पडू दे." काकांनी डाव मांडला होता. "दादा उन्हातून घरी पोचला का नाही, मले कसं समजंन?"

मी शेजारी बसले. राजा कोपऱ्यात येऊन बराच वेळ झाला होता. एकच चाल उरली होती, पण काका चाल करत नव्हते. माउसवर हात ठेवून घड्याळाकडे बघत होते.

पडदा काळा झाला.

"रड्या कुठला," काका हळूच म्हणाले, आणि चहासाठी काकूंना हाक मारली.