सुकलालआप्पांची शिंकांची वही

एखाद्या शुभकार्यात कुठंतरी माशी शिंकते, असं लोक म्हणतात. शहाद्याजवळच्या त्या गावात माशी नाही, खुद्द सुकलालआप्पाच शिंकत होते! एक-दोन नाही, नऊ-नऊ! आणि येत्या रविवारी त्यांच्या लेकीच्या, रोशनीच्या, लग्नाची सुपारी फोडायची होती. तळोद्याकडचे व्याही रतिलालनाना जुन्या वळणाचे. कार्याच्या वेळी शिंक आली की उठून चपला घालणारे!

पण आप्पा निर्धास्त. बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर ऊसगाड्या मोजलेला माणूस, त्यांना शिंका मोजणं काय अवघड?

"मन्हा नाकनी चिंता कोन्ही करू नका!" त्यांनी जाहीर केलं. "चोर मीच धरसू!"

चोर हा शब्द त्यांनी शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडून उचलला होता. बाई म्हणाल्या होत्या, "आप्पा, ही अॅलर्जी. अंगातला राखणदार साध्या पाहुण्यालाच चोर समजतो आणि आरडाओरडा करतो. ती आरोळी म्हणजे शिंक. कोणाला धुळीची होते, कोणाला फुलांच्या परागांची, कधी घराण्यातूनही येते. ही गोळी घ्या, आणि कधी, कुठं, काय समोर असताना शिंकलात ते वहीत लिहा. वही घेऊन मला दाखवायला या."

आप्पांनी यातली फक्त वही ऐकली.

"आवो, गोळी खा ना!" त्यांच्या बायको, सरलाबाई, हात जोडायच्या बाकी होत्या. "रविवारले पोरनी सुपारी फोडनी शे!"

"गोळी खादी ते शिंक थांबी. शिंक थांबी ते चोर कसा सापडी?"

तपास सुरू झाला. संशयावरून उदबत्ती देव्हाऱ्यातून बाहेर गेली. फोडणी बंद झाली आणि घरानं आठवडाभर बेचव वरण गिळलं. म्हशीला ओट्यापासून लांब, लिंबाखाली बांधलं. तिनं रागानं दूध चोरलं! आप्पा मात्र कानाला पेन्सिल खोचून इमानेइतबारे नोंदी करत होते.

व्याह्यांशी बोलणीही महिनाभरापासून चालू होती. व्याह्यांसमोर जायचं, मग ते मोबाइलच्या पडद्यावर का असेना, तर रुबाब हवा. म्हणून आप्पा दर वेळी पेटीतून निवृत्तीच्या सत्काराची शाल काढत आणि खांद्यावर घेत. पाच वर्षांत त्या शालीला पाणी लागलं नव्हतं. "सत्कार काय धुई टाकाना ऱ्हास?" असं ते ठणकावून विचारत.

रविवार उजाडला. पाहुणे आले. पाटावर सुपारी ठेवली, रतिलालनानांनी अडकित्ता उचलला, आणि शाल पांघरून ऐटीत बसलेले आप्पा शिंकले!

"शिंक आडवी उनी. जरा थांबा," नाना म्हणाले.

थांबले. पुन्हा अडकित्ता उचलला. पुन्हा शिंक! तिसऱ्यांदा तर लागोपाठ चार, आणि सुपारी गडगडत खाटेखाली गेली. नवरदेव धीरज खाटेखाली शिरला. नानांची नजर दारातल्या चपलांकडे गेली.

"व्याही, हाऊ अपशकुन नही! हाई अॅलर्जी शे!" आप्पा गरजले. "लेखी पुरावा शे मन्हाजोडे!"

आणि त्यांनी मोठ्या विश्वासानं वही नानांच्या हातात दिली.

नानांनी चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं.

"सोमवार. मिरची कुटताना शेजारी बसलो. शिंका शून्य."

"बरोबर!" आप्पा म्हणाले.

"मंगळवार. शहादा एसटी स्टँड, धूळ भरपूर. शून्य."

"देखा!"

"बुधवार. रतिलाल व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. नऊ शिंका."

आप्पांनी वही परत घ्यायला हात पुढं केला.

"गुरुवार. धीरज जावयांशी व्हिडिओवर बोललो. सात शिंका. शुक्रवार. व्याह्यांच्या ओट्यावर प्रत्यक्ष भेट. अकरा शिंका. घरी येताच बंद." नानांनी चष्मा काढला. "म्हंजे आमनीच अॅलर्जी शे तुमले?"

धीरज खाटेखालून सुपारी घेऊन निघत होता, तो तिथंच थांबला. नाना उठले. एक पाय चपलेत गेलासुद्धा!

मान खाली घालून बसायची सक्त ताकीद असलेली रोशनी तेवढ्यात ताडकन उठली. "आप्पा, या तिन्ही टाइमले तुमना आंगवर काय व्हतं?"

"काय ऱ्हाई? शाल व्हती! व्याहीसमोर काय उघडा बठू?"

"मंग चोर सापडना, आप्पा."

आप्पांनी शालीकडं पाहिलं. सगळ्या कारखान्यासमोर खांद्यावर पडलेली शाल! मग लेकीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आप्पांनी मुकाट्यानं शाल काढून तिच्या हातात दिली. तिनं ती अंगणात नेऊन एकदाच झटकली, तर लिंबाखालची म्हैस शिंकली!

आप्पांनी तोंड धुतलं, आठवडाभर टाळलेली गोळीही गिळली. अर्धा तास सगळे त्यांच्या नाकाकडं टक लावून बसले. नाक गप्प होतं. नानांनी चपलेतला पाय काढला, सुपारी कटकन फुटली, आणि सरलाबाईंनी पहिली फोडणी दिली!

"चोर धरसू म्हनं व्हतं ना मी?" म्हणत आप्पांनी आनंदाच्या भरात नानांना कडकडून मिठी मारली. अंगातला सदरा मात्र सकाळपासून शालीखालचाच होता, तिच्या धुळीनं माखलेला.

नाना शिंकले. पाच वेळा.

नानांनी नाक पुसलं, आप्पांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि वही उघडली.

"लिखेल बरं ऱ्हास," ते म्हणाले, आणि सावकाश लिहू लागले, "रविवार. सुकलाल व्याह्यांची गळाभेट. शिंका पाच."