बावीस सेकंद

रेडिओ केंद्रात त्याला सगळे 'कात्री' म्हणत. निर्माता म्हणून त्याचा लौकिक तेवढाच होता. पाहुण्यांचे 'अं', 'म्हणजे', खोकले आणि उसासे तो इतक्या सफाईनं उडवी, की भित्र्यातला भित्रा माणूसही त्याच्या कार्यक्रमात पुढाऱ्यासारखा सुसाट बोले. (घरीसुद्धा तो तिची वाक्यं मनातल्या मनात अर्ध्यावर आणून ठेवतो, असा बायकोचा आरोप होता. आरोप पूर्ण ऐकलेला नसल्यामुळे त्याला बचाव करता येत नसे.)

अशा माणसानं आयुष्यात एकदाच न कापायचं ठरवलं, आणि तेही नेमकं सासऱ्यांच्या बाबतीत.

सासरे अडतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. जावई करतो त्याला काम म्हणतात, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. खुर्चीत बसून लोकांचं बोलणं तर आपण घरीच ऐकतो, असं ते म्हणत. निवृत्त माणसांच्या मुलाखतींसाठी त्यांना स्टुडिओत आणायला बायकोला पंधरा दिवस मनधरणी करावी लागली. मुलाखतीच्या अखेरीस निवेदिकेनं विचारलं, की शेवटच्या दिवशी इंजिन बंद केलं तेव्हा काय वाटलं? सासरे गप्प झाले. तब्बल बावीस सेकंद. मग जड आवाजात एवढंच म्हणाले, "किल्ली हातातून सोडवेना."

एडिटिंगला बसल्यावर कात्रीनं सवयीनं ते बावीस सेकंद निवडले, बोट बटणावर नेलं, आणि ते पुन्हा एकदा ऐकले. त्यानं बोट मागं घेतलं. ती शांतता जशीच्या तशी जाऊ द्यायची. ती ऐकली की सासरे आपल्याला माणसात घेतील, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

रविवारी सकाळी अकराला सासऱ्यांच्या बैठकीत चार जुने ड्रायव्हर इस्त्रीचे शर्ट घालून रेडिओसमोर बसले. सासरे खिडकीपाशी, पाठ करून; कात्री दाराशी. कार्यक्रम छानच रंगला. शेवटचा प्रश्न आला, शांतता सुरू झाली. कात्रीनं डोळे मिटले. पाच सेकंद झाले, दहा झाले. एका ड्रायव्हरनं नाक ओढलं. आणि पंधराव्या सेकंदाला रेडिओतून बँड सुरू झाला, ढोल आणि तुताऱ्यांसकट.

कात्रीनं डोळे उघडले. केंद्रात एक मशीन होतं. पंधरा सेकंद काहीच ऐकू आलं नाही, की केंद्र बंद पडलं असं समजून ते आपोआप संगीत लावी. नव्या माणसांना ही माहिती तो स्वतःच देत असे. पण त्याच्या कार्यक्रमात दीड सेकंदाहून मोठी शांतता आजवर झालीच नव्हती, त्यामुळे मशीनशी प्रत्यक्ष गाठ पडली नव्हती. त्यानं केंद्रातल्या इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर चहाला गेले होते. बँड थांबला तेव्हा किल्लीचं वाक्य निघून गेलं होतं आणि निवेदिका आभार मानत होती.

सासरे हळूच वळले. त्यांचे डोळे ओले होते.

"जावईबापू, तिथं माझा आवाज रडवेला झाला होता," ते म्हणाले. "आठवडाभर झोप नाही मला. या चौघांपुढं शोभा होणार म्हणून. तुम्ही बरोबर तिथंच बाजा लावलात."

चारही ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. सासऱ्यांनी पहिल्यांदाच जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलणं ऐकणं हेही काम असतं, असं सर्वांदेखत कबूल केलं. बायकोनं आतून दुसऱ्यांदा चहा आणला. कात्री सुखावला. इतका सुखावला, की खरं सांगायला त्याला चक्क अर्धा तास लागला. शेवटी पाहुणे गेल्यावर त्याला राहवलं नाही. बाजा आपण लावला नाही, आपण तर शांतताच ठेवली होती, बाजा मशीननं लावला, हे त्यानं एका दमात सांगून टाकलं.

सासरे बराच वेळ विचार करत राहिले. (ही शांतता कापायला तिथं कोणतंच बटण नव्हतं.) मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून मुलीला हाक मारली.

"अगं, हे जेवतीलच," ते म्हणाले आणि जावयाकडं वळले. "पण पुढच्या रविवारी त्या मशीनला जेवायला घेऊन या."